सरकत्या काचा काढा, सुखी व्हा

तुमच्याकडे जुनी मिनी व्हॅन आहे का, म्हणजे मिनी या ब्रिटिश गाडीची व्हॅन? ती खरी, इवलीशी, मागे डबा, पुढे दोन दरवाजे आणि दरवाज्यांना सरकत्या काचा? अरेरे. कसे दिवस काढताय हो. ताबडतोब त्या काचा काढा आणि हँडल फिरवून वर-खाली होणाऱ्या बसवा. मी बसवल्यात. म्हणजे बसवतोय. गेल्या ऑक्टोबरपासून बसवतोय. एवढ्या दांडग्या अनुभवावर चार टिपा द्यायला काय हरकत आहे, इथे बर्मिंगहॅममध्ये तर लोक शून्य अनुभवावर देतात.

तर सगळ्यात आधी एक फालतू कारण शोधा. माझं कारण पार्किंगचं तिकीट. मिनीत बसलं की आपण जवळपास रस्त्यावरच बसलेलो असतो आणि ते तिकिटाचं मशीन असतं कपाळाच्या वर. काच मागे सरकवायची, त्या अर्ध्या फटीतून हात खांद्यापर्यंत बाहेर काढायचा, वर पाऊस, मागे हॉर्न, तिकीट बोटाला लागतं न लागतं तोच खाली चिखलात. तीन वर्षं बायको बाजूला बसून हे बघत होती, शेवटी म्हणाली अरे बदलून टाक ना एकदाच्या. झालं. कारण मिळालं. दरवाजा उघडून खाली उतरणे हा दहा सेकंदांचा उपाय आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही.

इतिहास अजिबात वाचू नका. वाचलात तर कळेल की 1959 साली मिनी आली तेव्हा तिचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिस नावाच्या माणसाने काच सरकती ठेवली कारण मग दरवाज्याच्या पोटात काच उतरवावी लागत नाही, दरवाजा पोकळ राहतो, कोपराला जागा मिळते आणि खाली हा एवढा मोठा खण मिळतो. त्या खणात जिनच्या 27 बाटल्या आणि वर्मुथची, म्हणजे जिनमध्ये मिसळायच्या वाइनची, एक अशा मापाने बसतात अशी दंतकथा आहे. माझ्या खणात छत्री, थर्मास, बोल्ट आवळायचे दोन पाने आणि बायकोचा चिवड्याचा डबा बसायचा. आता बसत नाही. आता तिथे यंत्रणा येणार. आणि माझं कोपर आता हँडलवर आपटणार, रोज, त्याच जागी.

अजून वाचलंत तर हेही कळेल की 1969 साली साध्या मिनीला फिरवायच्या काचा आल्या, बिजागऱ्या आत गेल्या, पण व्हॅन मात्र शेवटपर्यंत सरकत्या काचांवरच राहिली. बनवणाऱ्यांना काय कळतंय. तुम्हाला जास्त कळतं.

मोजमाप घेऊ नका. मोजलं की काम सुरूच होत नाही.

जुने दरवाजे लगेच विकून टाका, उगाच गॅरेजमध्ये जागा अडते.

आता मुख्य टीप, नवीन दरवाजे. दरवाजे नेहमी अशा माणसाकडून घ्या जो म्हणतो की 'बोल्ट-ऑन' आहेत, शनिवार दुपारचं काम, जुना काढायचा नवा लावायचा, संध्याकाळी फेरफटका. हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, तिघांनी शपथेवर, आणि तिघांपैकी एकानेही स्वतः हे काम केलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. आता बघा, 1969 नंतरचा दरवाजा घेतला तर त्याच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला, माझ्या 1966च्या व्हॅनच्या बाहेर. म्हणजे तो दरवाजा अडकवणार कशाला? दरवाज्याच्या पुढचा पत्रा, म्हणजे ए-पॅनल, कापा, बिजागरीचा खांब बदला, वेल्डिंग करा, दोन्ही बाजूंना करा, मग गॅप जुळवत बसा, मग रंग. हे शनिवार दुपारचं काम. कुठल्या वर्षातला शनिवार ते सांगत नाहीत. दुसरा मार्ग ऑस्ट्रेलियातला दरवाजा, तिकडे 1965 पासूनच मिनीला फिरवायच्या काचा होत्या आणि बिजागऱ्या बाहेरच, म्हणजे अगदी हवं तेच, फक्त तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तर मला एका भल्या गृहस्थाने सांगितलं की त्याच्याकडे तसलीच जोडी आहे, इथेच, दोन तासांच्या अंतरावर, 'फक्त रंग मारायचा बाकी'. गेलो. पावसात गेलो. दरवाजे घोंगडीत गुंडाळलेले, प्रायमर मारलेला, छान करडे, हात फिरवला तर गुळगुळीत. पैसे दिले, चहासुद्धा प्यालो त्याच्याकडचा. घरी आणून लोहचुंबक लावला तर खालच्या चार बोटांत चुंबक चिकटेचना. पत्राच नाही! नुसती लांबी, ती भोकं बुजवायची पुट्टी! लांबीचा दरवाजा विकला मला त्या माणसाने! स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार, बटाटेवड्यात बोट जावं तसा. पाणी बाहेर जायची भोकं सुद्धा लांबीने बुजवलेली, म्हणजे पुन्हा आतून गंजायची सोय करून दिलेली. आणि आत काच वर-खाली करणारे दोन रेग्युलेटर, दोन्ही डावे. दोन्ही! अरे माणसा, इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, ज्या एका काचेसाठी मी हा सगळा उपद्व्याप केला तीच काच फिरत नाही. फोन केला तर म्हणतो कसा, थोडं 'फेटल' करावं लागतं, म्हणजे घासून-ठोकून जुळवून घ्यावं लागतं. फेटल! ज्या कामात माणूस फसतो त्याला इकडे लोक फेटल म्हणतात.

बरं, जाऊ दे.

कापायच्या आधी आईला व्हॅनमध्ये बसवू नका. माझी आई उन्हाळ्यात आली होती साताऱ्याहून, सरकती काच बघून तिचा चेहरा एकदम खुलला, म्हणाली अरे ही तर आपल्या एसटीची खिडकी. मग दोन-तीनदा काच पुढे-मागे करून बघितली आणि विचारलं, रुमाल टाकून जागा धरता येते का. मी हसलो. खडखडते, अडते, पावसात गळते, पण लाल डब्याच्या त्या काचा कुणी काढून हँडल बसवल्याचं ऐकलंय का? खिडकी अडली तर दोन्ही हातांनी ढकलतो आपण. तिने तर माझी अडकणारी काच पण ढकलली, खालच्या खाचेत शेवाळ वाढलंय म्हणाली, ते काढ आधी. मी म्हटलं, आई, तुला यातलं कळत नाही.

तिलाच कळत होतं. खाचेतलं फेल्ट, म्हणजे काच सरकायची मऊ पट्टी, कुजलेलं, त्यात पाणी साठून हिरवंगार शेवाळ, म्हणून काच अडायची, म्हणून ती अर्धीच उघडायची, म्हणून हात नीट बाहेर जायचा नाही. नवीन खाचा मिळतात, फेल्टसकट, आणि ते काम खरंच एका दुपारचं आहे. हे मला त्या तिघांपैकी एकाने तरी सांगितलं का? नाही, कारण त्यात मजा नाही ना. दुसऱ्याच्या गाडीला ग्राइंडर लावायला सांगण्यात मजा.

आता सरळच बोलतो, उपरोध बास झाला. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलेलं नाही त्यांनी तोंड बंद ठेवावं. 'बोल्ट-ऑन' हा शब्द वापरायच्या आधी स्वतःच्या गाडीला एक तरी बोल्ट लावून दाखवा. आणि विकणाऱ्यांनो, गंज आहे तर गंज आहे म्हणा, घेणारा घेतोच, आम्ही सगळे वेडेच आहोत, पण लांबी भरून वर प्रायमर मारून चहा पाजू नका, लाज वाटू द्या थोडी. आणि तुम्ही, जे आत्ता ग्राइंडरची किंमत बघताय, धडधाकट पत्र्याची गाडी असेल तर ठेवा तो खाली. आपले जुने दरवाजे एकदा गेले की गेले. मी माझे जुने चाळीस पाउंडाला दिले, खणासकट, दरवाजा उघडायच्या आतल्या दोरीसकट, शेवाळासकट. ज्याला दिले त्याला परवा फोन केला. त्याने त्याच्या व्हॅनला लावलेत, मस्त चालतात म्हणाला, फेल्ट तेवढं बदललं.

माझी व्हॅन सध्या ताडपत्रीखाली आहे, उजवा दरवाजा नाही. डाव्या बाजूचा एक रेग्युलेटर जास्तीचा आहे, कुणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. येताना सल्ला आणू नका.