किनाऱ्याचा रस्ता, म्हणजे सपाटच

नेदरलँड्समध्ये राहून सायकल चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायांचा उगाच अभिमान वाटू लागतो. आमच्याकडे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. चढलो म्हणेपर्यंत उतार येतो. वारा छळतो, नाही असं नाही, पण वारा निदान गप्प बसून छळतो. चढासोबत व्याख्यानही असू शकतं, हे मला इटलीत कळलं. आब्रुत्सो प्रांतात, एड्रिॲटिक समुद्राच्या काठी, दादाबरोबर.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. साताऱ्याचा, बँकेतून निवृत्त झालेला, आणि दुसऱ्या महायुद्धाचा भयंकर नाद असलेला. स्वतःच्या मुलांचे वाढदिवस त्याला वहिनीला विचारावे लागतात. पण आठव्या इंडियन डिव्हिजनच्या कुठल्या ब्रिगेडमध्ये कुठली पलटण होती, हे झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा पण गुडघ्यावर जोर देऊ नका. या सल्ल्याचा दादाने सोयीस्कर अर्थ काढला आणि वास्तो गावात स्वतःसाठी बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. "तू रोज चालवतोस, तुला काय त्याचं," असं म्हणून माझ्यासाठी बारीक टायरची रेसर घेतली. तिची सीट इतकी अरुंद होती की ती बसण्यासाठी नसून केवळ नियमाप्रमाणे लावली असावी.

"दादा, चढ किती आहेत?" मी आधीच विचारून ठेवलं होतं.

"अरे, किनाऱ्याचा रस्ता आहे. चढ कुठून येणार? जुना रेल्वेमार्ग होता, रूळ काढून सायकलवाट केलीये. आगगाडी कधी घाट चढते का?"

बोरघाट आणि कसारा माहीत असलेल्या माणसाने हे विचारावं, इथेच मला शंका यायला हवी होती.

वाट मात्र खरोखर सुरेख आहे. वीया वेर्दे म्हणतात तिला. वास्तोपासून ओर्तोनापर्यंत चाळीसेक किलोमीटर, उजव्या हाताला समुद्र, मधूनमधून रेल्वेचे जुने बोगदे. उन्हातून बोगद्यात शिरलं की घामाने भिजलेली पाठ गार पडते. पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी माच्या दिसतात, त्यांना त्राबोक्को म्हणतात. लांब वाशांना टांगलेलं जाळं त्यांच्यावरून पाण्यात सोडतात आणि मासे वर ओढतात. होडी नको, लाटा नकोत, मळमळ नको. समुद्रावर जाऊनही जमीन न सोडण्याची ही युक्ती ज्याला सुचली, त्याच्याशी माझं सहज जमलं असतं. आता त्यातल्या काही माच्यांवर हॉटेलं आहेत. मी एकीकडे आशेने पाहत होतो, तेवढ्यात दादा म्हणाला, "आता डावीकडे."

डावीकडे म्हणजे वर.

या किनाऱ्याची रचनाच तशी आहे. ॲपेनाईन डोंगरातून नद्या निघतात आणि एकीला एक समांतर समुद्राकडे येतात. सिनेल्लो, ओसेन्तो, सांग्रो, फेल्त्रिनो, मोरो. दर दोन नद्यांच्या मध्ये एक धार. सगळा मुलूख म्हणजे पन्हळी पत्रा, आणि दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्याने तो आडवा चढत-उतरत जायचा. 1943च्या पानगळीत ब्रिटिशांची आठवी आर्मी याच दिशेने गेली. एक नदी ओलांडावी तर पुढच्या धारेवर जर्मन बसलेले. ती धार घ्यावी तर खाली पुढची नदी. सेनापतींना उंची हवी असते, त्यामुळे माणसं उंचीवर मरतात, आणि त्यामुळे स्मारकंही तिथेच होतात. नुसता समुद्र बघायचा असेल तर खालून जा, एक गिअर बदलावा लागणार नाही. इतिहास बघायचा असेल तर पोटऱ्यांची तयारी ठेवा.

तोरिनो दी सांग्रोच्या बाजूला युद्धस्मशान आहे, तिकडे आम्ही चढू लागलो. दोन्हीकडे ऑलिव्हची झाडं. सर्वांत हलका गिअर मी पहिल्याच वळणावर वापरून टाकला होता. त्यानंतर बोटं सवयीने खटका दाबत राहिली आणि आतून काहीही घडेना. दादा मात्र माझ्या शेजारून, माझ्याच वेगाने, आरामखुर्चीत बसल्याच्या आवाजात बोलत होता.

"आता बघ, नोव्हेंबर महिना. पाऊस थांबायला तयार नाही. खाली सांग्रो फुगलेली. इंजिनीअर पूल बांधतायत आणि नदी ते वाहून नेतेय. कळलं?"

"हं."

"पलीकडच्या धारेवर जर्मन. मोत्साग्रोन्या गाव दिसतंय का? तिथे 27 तारखेच्या रात्री आपले गुरखे घुसले. हातघाईची लढाई. आणि एकविसाव्या ब्रिगेडमध्ये आपली 1/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. पुढे सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ना, तीच पलटण. ते कुठल्या जिल्ह्यातले, सांग बरं?"

"ह."

"नगर! बरोब्बर."

मी नगर म्हटलं नव्हतं. मी श्वास सोडला होता. पण विद्यार्थी हुशार निघाल्याच्या आनंदात दादाने बॅटरीचा जोर एक पायरी वाढवला आणि व्याख्यान वीस फूट पुढे निघून गेलं. तेवढीच शांतता.

स्मशानाच्या दाराशी वेगळीच अडचण. रेसरच्या बुटांना तळाला क्लीट असते, ती पायडलमध्ये अडकवायची. हे बूट घालून फरशीवर चाललं की टाचा टेकतात, चवडे उचलले जातात आणि टकटक आवाज होतो. समोर 2,617 कबरींच्या रांगा, गवत नुकतंच कापलेलं, आणि पिवळ्याजर्द लायक्रात टकटक करत चाललेला मी. "बूट काढ रे," दादा हळूच म्हणाला. तो स्वतःही अनवाणी झाला होता. कुठेही चार पायऱ्या आणि दगडात कोरलेली नावं दिसली की आपले पाय आपोआप चपला काढतात. तिथे आलेलं एक इंग्रज जोडपं आमच्या मोज्यांकडे बघून आदराने बाजूला झालं. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला, म्हणून त्यांच्या कबरी नाहीत. त्यांच्यासाठी इथेच वेगळं स्मारक आहे, पाचशेहून जास्त नावांचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नावांपुढे दादा थांबला आणि मग जे सुरू झालं, ते मी कुठल्याही लग्नाच्या मांडवात ओळखलं असतं. "हे आडनाव आपल्याकडे कोरेगावकडे जास्त. हा मात्र कोकणातला वाटतो, महाड-पोलादपूर साइड. आणि हा... हा खटावकडचा तर नसेल? तसं असेल तर आपल्या आत्याच्या सासरचा." रोमन लिपीतली ती नावं तो मोठ्याने, मराठी उच्चारात वाचत होता. स्पेलिंग कुणा लष्करी कारकुनाने कानाला येईल तसं केलेलं. दादा ते दुरुस्त करत चालला होता. एका नावापाशी नातं जुळेना, तेव्हा तो खरोखर अस्वस्थ झाला. "घरी गेल्यावर विचारतो," म्हणाला. कोणाला विचारणार होता देव जाणे.

अभिप्रायाच्या वहीत लिहायला मी वाकलो तर कपाळावरचा घाम टपकन पानावर. शाई फुटली. आमच्या आधी लिहिणाऱ्या कुणा कॅनडावाल्याचं आडनाव त्यात वाहून गेलं.

खाली उतरून सांग्रो ओलांडली. ज्या नदीने आठव्या आर्मीला रखडवलं, ती पुलावरून बघायला मिळाली तेवढीच. मग पुन्हा वर, फोसाचेसियाला. या चढाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मी डोळे मिटले होते. पोचलो तेव्हा अडीच वाजले होते, आणि इटलीतल्या खेड्यात दुपारी अडीच वाजता फक्त मांजरं जागी असतात. हॉटेलचं स्वयंपाकघर बंद. बेकरी बंद. दुकानाच्या शटरवर उघडण्याची वेळ लिहिलेली, तीही साडेचारची. पुणेकर उगाच बदनाम आहेत. चौकातल्या नळाचं पाणी आणि वहिनीने दिलेली शेंगदाण्याची चिक्की, एवढाच शिधा उरला. चिक्की खिशात वितळून पुन्हा गोठली होती आणि तिच्यात थोडी लायक्राही होती.

नेमकी हीच वेळ दादाने निवडली.

"ओर्तोनात काय झालं माहितीये? 1943चा नाताळ. कॅनडाची माणसं आणि जर्मन छत्रीधारी सैनिक घरोघर लढतायत. रस्त्यावर आलं की मरण, म्हणून शेजारच्या घरात जायचं तर मधली भिंत फोडून. आणि त्या धुमश्चक्रीत सीफोर्थ हायलँडर्स या कॅनडाच्या पलटणीच्या लोकांनी चर्चमध्ये जेवणाची टेबलं मांडली. पांढऱ्या चादरी घालून! एकेक कंपनी लढाईतून यायची, जेवायची, आणि परत लढायला जायची."

"दादा, नको."

"गरमागरम सूप. भाजलेलं डुकराचं मांस. कुस्करलेले बटाटे. वर पुडिंग. कोणीतरी ऑर्गन वाजवत होतं."

मी चिक्कीचा कागद चाटला. खरं सांगायचं तर त्या सैनिकांपैकी कित्येकांचं ते शेवटचं जेवण ठरलं, आणि दादाने तेही सांगितलं. पण भुकेल्या माणसाचं मन फार हलकट असतं. माझं मन बटाट्यांपाशीच अडकून राहिलं होतं.

पुढचा टप्पा पुन्हा खालच्या सपाट वाटेने, आणि इथे मला निदान स्वतःच्या विषयातलं काहीतरी ठाऊक होतं. 2023च्या जिरो दी इतालिया या सायकल शर्यतीची सुरुवात याच वाटेवर झाली. फोसाचेसियाच्या किनाऱ्यापासून ओर्तोनापर्यंत 19.6 किलोमीटरची घड्याळी शर्यत. बेल्जियमच्या रेम्को एवेनेपोलने ती एकवीस मिनिटं आणि काही सेकंदांत संपवली. हे मी दादाला सांगितलं.

"मग तुला किती लागतील?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण मोरो नदी आली, आणि दादाने पुन्हा डावीकडे हात दाखवला. कॅनडियन स्मशान. 1,615 कबरी. अर्थातच वर. एवेनेपोलला कोणी मध्येच डावीकडे वळवलं नव्हतं, हे माझ्या वेळेची तुलना करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. या स्मशानात मी बूट आधीच काढले आणि सायकल ढकलतच वर नेली. दादा म्हणाला, "बघ, असा मान द्यायला हवा." मी खंडन केलं नाही.

ओर्तोनाही टेकडीवरच आहे, तेव्हा शेवट चढानेच झाला. आठवडाभर चाललेल्या त्या लढाईत तेराशेहून जास्त गावकरी मेले. आज चौकात म्हातारे पत्ते खेळत होते आणि पोरं फुटबॉल. कॅथेड्रलचा मनोरा जर्मनांनी उडवला होता. आत संत थॉमसच्या अस्थी आहेत, 1258 साली आणलेल्या. हा तोच थॉमस, येशूचा शिष्य, जो केरळात आला आणि चेन्नईपर्यंत गेला असं मानतात. "बघ, तेव्हापासून येणंजाणं आहे," असं म्हणत दादा आत गेला. मी पायरीवर बसलो, कारण मला बसता येत नव्हतं आणि उभंही राहता येत नव्हतं, आणि त्यातल्या त्यात पायरी थंड होती.

रात्री साडेसातला पहिलं हॉटेल उघडलं. सूप होतं, मांस होतं, बटाटे होते. मी दुसऱ्यांदा मागवत असताना वहिनीचा व्हिडिओ कॉल आला.

"भावजी इतके लाल का दिसतायत?"

"उन्हाने," दादा म्हणाला.

"चढ होते का हो फार? तुमचा गुडघा?"

"छे गं. कळलेसुद्धा नाहीत." फोन ठेवून त्याने टेबलावर नकाशा पसरला. आपल्या माणगावच्या बाजूचे यशवंत घाडगे 1944च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर तुटून पडले आणि तिथेच गेले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही आहे. मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. "इतक्या लांब आलोय तर जाऊनच येऊ. उद्या गाडीने जाऊ आणि तिथे सायकली घेऊ. अरे, नदीकाठचा रस्ता आहे."

मी फोनवर मोंतोनेचे फोटो उघडले. हिरवंगार खोरं, खाली नदी, आणि गाव टेकडीच्या पार डोक्यावर, वर तटबंदी.

"दादा," मी म्हटलं, "यावेळी बॅटरीची मला."

"गुडघा दाखव," दादा म्हणाला.