देशाचं दालन कोण भरतं?

परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांत भारताची समकालीन कला कशी मांडली जाते, या विषयावर प्रबंध लिहू पाहणारी गोव्यातली मुलं अधूनमधून माझ्याशी बोलायला येतात. मनापासून बरं वाटतं. पण बहुतेकांचा अभ्यास कॅटलॉगपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. माझं त्यांना सांगणं असतं, चित्रांआधी कागद वाचा. निवड कोणी केली, खर्च कोणी उचलला? आणि ज्या वर्षी देश गेलाच नाही, ते वर्ष वगळू नका.

व्हेनिस बिएनाले, म्हणजे इटलीतलं दर दोन वर्षांचं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, 1895 पासून भरतं. तिथल्या बागेत बेल्जियमने 1907 मध्ये पहिलं राष्ट्रीय दालन, म्हणजे आपल्या देशाची कला मांडायची स्वतंत्र इमारत, बांधलं, मग एकेका देशाने जागा धरली. भारताचं त्या बागेत आजही स्वतःचं दालन नाही. 2011 मध्ये ललित कला अकादमी या केंद्राच्या संस्थेने आर्सेनालेत, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या जहाजबांधणी आवारात, दालन उभं केलं, क्युरेटर (कलाकार निवडून मांडणी ठरवणारे) रणजित होस्कोटे. त्यांनी घेतलेल्या झरीना हाश्मी कित्येक वर्षं न्यूयॉर्कवासी, प्रणीत सोई अॅमस्टरडॅम आणि कोलकाता असे दोन्हीकडचे, डिझायर मशीन कलेक्टिव्ह हा कलाकारांचा गट गुवाहाटीचा. देशाच्या नावाच्या दालनात ही माणसं निवडणं हे मला आजही धाडसाचं वाटतं.

पुढचं दालन थेट 2019 मध्ये, गांधीजींच्या 150व्या जयंतीनिमित्त. त्यात चित्रकार जितीश कल्लाट यांचं एक काम होतं. अंधाऱ्या खोलीत धुक्याचा पडदा, त्यावर गांधीजींनी 1939 मध्ये हिटलरला लिहिलेलं पत्र, आणि बघणारा त्या अक्षरांतून आरपार चालत जातो. काम थोरच. तरी जयंतीने विषय ठरवला की समकालीन कलेचा केवढा भाग आपोआप बाहेर राहतो, हे संशोधकाने विचारायलाच हवं.

मधल्या 2015 मध्ये सरकारी दालन नव्हतं. तेव्हा गुजराल फाउंडेशन या खासगी संस्थेने मुंबईची शिल्पा गुप्ता आणि लाहोरचा रशीद राणा या कलाकारांना व्हेनिसमध्ये एका छताखाली आणलं. हे सरकारी दालनात घडलं असतं, असं मला वाटत नाही. म्हणून म्हणतो, रिकामी वर्षं वाचा.

कोणता कलाकार कुठल्या देशाचा, हा प्रश्न तर आपल्याला गोव्यात घरचाच आहे. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा 1924 मध्ये पोर्तुगीज राजवटीतल्या साळगावात जन्मले, 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह या आधुनिक चित्रकारांच्या गटात उभे राहिले, 1949 मध्ये लंडनला गेले, पुढे न्यूयॉर्कला. त्यांचं ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यांना कुठल्या देशाच्या दालनात बसवणार? गोव्यातल्या चर्चमध्ये त्यांनी लहानपणी पाहिलेलं सगळं त्या चित्रांत आहे. नुसतं ‘भारतीय आधुनिक’ म्हटलं की ते पुसलं जातं.

शेवटी एक विनंती. कुणाच्या घरी जुन्या प्रदर्शनांची आमंत्रणं, कॅटलॉग, चित्रकारांची पत्रं, जहाजाने चित्रं पाठवल्याच्या पावत्या असतील, तर चतुर्थीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. मला इनबॉक्समध्ये कळवा, मी येऊन फोटो काढून नेईन. मूळ कागद तुमच्याकडेच राहतील.