पाण्यात बाइक बंद पडली, म्हणून सीडीआय बदलू नका

सीडीआय म्हणजे इंजिनच्या स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी. पावसाळा लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘पाण्यात बाइक बंद पडली म्हणजे सीडीआय उडाला, लगेच बदला. बदलताच आहात तर रेसिंगवाला टाका, ठिणगी मोठी पडते, ॲव्हरेज वाढतं. बॅटरी उतरली असेल तर किक मारून उपयोग नाही, सीडीआय बॅटरीवरच चालतो.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यापायी लोकांचे पैसे पाण्यात जातात.

सीडीआयच्या डबीतले भाग सहसा इपॉक्सी ओतून बंद केलेले असतात. वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, तरी पाणी तिच्या आत शिरणं अवघड. ते शिरतं प्लगच्या कॅपमध्ये, तडकलेल्या एचटी वायरीत (प्लगला वीज नेणाऱ्या जाड वायरीत), कनेक्टरमध्ये आणि किल स्विचमध्ये, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणात. एसी सीडीआयच्या, म्हणजे बॅटरीऐवजी मॅग्नेटोवर (इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) चालणाऱ्या जुन्या गाड्यांत चावी बंद केली की एक वायर बॉडीला अर्थ होते, म्हणून इंजिन थांबतं. स्विचमध्ये पाणी जाऊन तीच वायर अर्थ झाली, तर चावी चालू असूनही ठिणगी येत नाही. डबी ठणठणीत असते आणि खापर तिच्यावर फुटतं.

एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असेल तर आधी किक मारूच नका, इंजिनचं नुकसान होईल. तसं नसेल तर प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या हेडला टेकवून ठेवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. प्लग हातात धरू नका, झटका हजारो व्होल्टचा असतो. ठिणगी नाही? नवा प्लग लावा, कॅप कोरडी करा, मग एसी सीडीआयची गाडी असेल तर किल स्विचची वायर सोडवून पाहा. त्यानंतर मॅग्नेटोच्या कॉइल मल्टिमीटरवर तपासा. हे सगळं नीट निघालं, तरच डबीवर संशय घ्या.

आता ॲव्हरेज. डबीतला वीज साठवणारा कपॅसिटर साधारण 200 ते 400 व्होल्टपर्यंत भरतो. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पिकअप कॉइलचा इशारा आला की एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू होतो, कपॅसिटर क्षणात रिकामा होतो आणि इग्निशन कॉइल तो दाब हजारो व्होल्टवर नेते. ठिणगीचं काम फक्त पेटवणं. मिश्रण एकदा नीट पेटलं की मोठ्या ठिणगीने पेट्रोलमधली ताकद वाढत नाही. रेसिंग डबी बदलते ते टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि आरपीएमची मर्यादा. कंपनीच्या मूळ इंजिनात ठिणगी फार लवकर पडू लागली, तर नॉकिंग होतं, म्हणजे इंजिन आतून ठोके देतं, आणि इंजिन तापतं.

बॅटरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. डीसी सीडीआयला बॅटरी लागते. एसी सीडीआयला मॅग्नेटोतली स्वतंत्र कॉइल करंट देते, म्हणून अशी गाडी बॅटरी मेलेली असली तरी किकवर सुरू होते. आणि एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्यांत ठिणगीचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटरच सांभाळतो. तिथे वेगळा सीडीआय नसतोच, मग कुणी तो बदलायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.