ब्रूअरीची पारख तिच्या सर्वांत साध्या बिअरवरून करावी

पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रूअऱ्यांविषयी, म्हणजे लहान प्रमाणावर स्वतःची बिअर बनवणाऱ्या ठिकाणांविषयी, इंटरनेटवर जे अभिप्राय लिहिले जातात ते मी आवर्जून वाचतो आणि त्यांतले बहुतेक अभिप्राय बिअरपर्यंत पोहोचतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. जागा ऐसपैस होती, गाणी फार मोठ्याने लावली होती, स्टार्टर थंड आले, पार्किंग मिळाले नाही, असे सगळे तपशील त्यांत असतात; ग्लासातल्या बिअरबद्दल मात्र ‘स्मूद’ किंवा ‘रिफ्रेशिंग’ एवढाच एक शब्द येतो आणि त्यापुढे चार-पाच तारे. पुण्यातल्या कोरिंथियन्स क्लबच्या आवारात डूलाली या ब्रूअरीची बिअर नळातून येऊ लागली ती २००९ मध्ये. २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी उभी राहिली, मुंबईच्या बारमध्ये गेटवे या ब्रूअरीची व्हाइट झेन ही गव्हाची बिअर दिसू लागली, पुढे पुण्यातच ग्रेट स्टेट एलवर्क्ससारखी मंडळी या धंद्यात उतरली. बनवणाऱ्यांनी एवढी मजल मारली असताना पिणाऱ्यांचे लेखन ‘स्मूद’पाशी थांबलेले असावे, हे मला पटत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. कोणत्याही ब्रूअरीत पहिल्यांदा गेल्यावर फळे, मसाले, कॉफी किंवा चॉकलेट घातलेल्या बिअरकडे वळण्यापूर्वी तिथली सर्वांत साधी बिअर मागवावी आणि अभिप्रायाची सुरुवात तिच्यापासून करावी. नव्या खानावळीत जाणकार माणूस आधी वरण-भात कसा आहे ते पाहतो, तसेच हे आहे. साध्या बिअरमध्ये पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) आणि यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) यांखेरीज दुसरे काही नसते, त्यामुळे बनवताना राहिलेला दोष झाकायला जागाही नसते.

आपल्याकडे ही साधी बिअर म्हणजे बहुतेक ठिकाणी गव्हाची, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची हेफेवाइझेन. तिच्यात परंपरेने किमान अर्धा माल्ट गव्हाचा असतो, ती गाळलेली नसते आणि म्हणून गढूळ दिसते. तिला येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास हा बाहेरून काही घातल्याने आलेला नसून त्या विशिष्ट यीस्टनेच आंबवताना निर्माण केलेला असतो, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला या बिअरमधले कौशल्य दिसत नाही. आंबवण्याचे तापमान थोडे वाढले की केळे वरचढ होते, फार वाढले की नाकाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झोंबरा वास येतो आणि घशाला अल्कोहोलची ऊब जाणवते, जी पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये जाणवायला नको. पुण्याच्या एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश तापलेले असताना आणि अधूनमधून वीज जात असताना टाकीतले तापमान दिवसरात्र एका मर्यादेत राखणे हे सोपे काम नाही. म्हणून ज्या ब्रूअरीची हेफेवाइझेन एप्रिलमध्येही जानेवारीइतकीच नेटकी लागते, तिच्या ब्रूमास्टरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्या प्रमुखाला, मी मनातल्या मनात नमस्कार करतो. येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. बेल्जियन विटबिअर हीदेखील गव्हाचीच आणि गढूळच असते, परंतु तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात आणि तिच्याकडून केळ्याच्या वासाची अपेक्षा नसते. ‘केळे लागले नाही’ म्हणून विटबिअरचे तारे कापलेले अभिप्राय मी वाचले आहेत; तो त्या ब्रूअरीवर अन्याय आहे.

लागर आणि तिचाच फिका प्रकार असलेली पिल्सनर ही याहूनही कठोर कसोटी. एल प्रकारची, म्हणजे तुलनेने उबदार तापमानात लवकर आंबणारी बिअर दोन-तीन आठवड्यांत नळावर येऊ शकते, लागरला मात्र कमी तापमानात सावकाश आंबवून पुढे कित्येक आठवडे थंडीत ठेवावे लागते आणि तेवढा काळ एक टाकी अडकून पडते. मोजक्याच टाक्या असलेल्या छोट्या ब्रूअरीला हे आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी फळ्यावर लागर नसते आणि जी असते ती कधीकधी घाईने काढलेली असते. घाई झाल्याची खूण म्हणजे लोण्याचा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास. तो डायॲसिटिल या द्रव्याचा असतो आणि यीस्टला पुरेसा वेळ दिला तर यीस्टच ते शोषून घेते. हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी बिअर अजून कच्ची आहे असे समजावे. उकडलेल्या मक्याचा वास आला तर बहुधा उकळण्यात कसूर झालेली असते. अनटॅप्डसारख्या, बिअरला गुण देण्याच्या ॲपवर चांगल्या पिल्सनरला सरासरीने कमी आणि जड, गोड, तीव्र बिअरला जास्त गुण मिळतात, याचे कारण जिभेला धक्का देणारी गोष्ट लगेच लक्षात राहते, नेटकेपणा लक्षात यायला थांबावे लागते. ब्रूअऱ्याही हे गुण वाचतात आणि त्याप्रमाणे पुढची बिअर ठरवतात, म्हणून मला या प्रकाराची काळजी वाटते.

ड्राफ्ट, म्हणजे नळातून येणाऱ्या बिअरबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते आणि माझ्या मते अभिप्राय लिहिणाऱ्यांकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच. आपल्या ग्लासात जे येते ती ब्रूअरीचे काम आणि बारचे काम यांची बेरीज असते. बाटलीतली मोठ्या कंपनीची बिअर पाश्चराइझ केलेली (तापवून जंतू मारलेली) असते, ती महिनोन्महिने टिकते. केगमधली, म्हणजे बारला पुरवल्या जाणाऱ्या धातूच्या पिंपातली ताजी बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नसते, काही वेळा तिच्यात जिवंत यीस्ट असते आणि ती सतत थंड ठेवावी लागते. ती किती नाशवंत आहे हे २०२० च्या लॉकडाउनमध्ये सर्वांना दिसले, कारण बार बंद पडल्यावर टाक्यांमध्ये तयार असलेली बिअर ब्रूअऱ्यांना ओतून द्यावी लागली. केगपासून नळापर्यंत जाणारी नळी साधारण दर दोन आठवड्यांनी रसायनाने धुवावी, असा या धंद्यातला संकेत आहे. ती धुतली नाही तर आत जिवाणूंचा थर बसतो आणि उत्तम बनलेल्या बिअरलाही व्हिनेगरसारखा आंबूसपणा किंवा तेच लोणी चिकटते. एका बारमध्ये मला अशी आंबलेली गव्हाची बिअर मिळाली होती. मी ती परत केली तेव्हा ‘सर, या बिअरची चवच अशी आहे’ असे उत्तर मिळाले. तीच बिअर, त्याच आठवड्यात, ती जिथे बनते तिथल्या नळावर अगदी स्वच्छ होती. जर मी पहिल्या ग्लासावरून अभिप्राय लिहिला असता, तर दोष बारचा आणि बदनामी ब्रूअरीची, असे झाले असते. त्यामुळे माझी विनंती अशी की अभिप्रायात बिअर कुठे प्यायली ते प्रथम लिहावे आणि शंका आल्यास ब्रूअरीच्या स्वतःच्या नळावर तिची पुन्हा चव घ्यावी.

ग्लासाविषयीही थोडे. बर्फाने पांढरा झालेला ग्लास पाहून आपल्याला बरे वाटते, पण फार थंड बिअरला वास उरत नाही. लागर चार-पाच अंशांवर छान लागते, गव्हाची किंवा पेल एल सात-आठ अंशांवर, स्टाउट ही काळपट बिअर त्याहून थोडी वर. म्हणून साधा, न गोठवलेला ग्लास मागावा. आतल्या काचेला जागोजागी बुडबुडे चिकटले असतील तर ग्लासाला साबण किंवा तेलकटपणा राहिलेला आहे. आणि फेस दिसला की ‘फसवले’ म्हणून वेटरवर रागावू नये. दोन बोटे फेस असलाच पाहिजे, त्यातूनच वास नाकापर्यंत येतो. माप कमी मिळते ही ग्राहकाची तक्रार खरी आहे, पण तिचा उपाय म्हणजे ग्लासावर मापाची रेघ असणे. त्या रेघेच्या वर फेस राहावा. ही रेघ आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी दिसते.

आता फळांच्या बिअरकडे वळतो, कारण आंबा-जांभूळ-कोकमाला माझा विरोध आहे असा कुणाचा समज व्हायला नको. उलट, आपल्या ब्रूअऱ्यांना जगात वेगळे काही करून दाखवायचे असेल तर ते इथेच शक्य आहे असे मला वाटते. मात्र त्यामागचे गणित कठीण आहे. हापूसचा रस आंबवताना घातला तर त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकते, गोडवा जातो आणि मागे थोडा वास आणि थोडा आंबटपणा उरतो. पिणाऱ्याला तर आमरसाची अपेक्षा असते. मग काही जण शेवटी गोड रस किंवा इसेन्स मिसळतात, आणि ती बिअर पहिल्या दोन घोटांनंतर सरबतासारखी जड होते. जांभळाचे तसे नाही. त्याचा तुरटपणा साखर गेल्यावरही टिकतो, रंग देखणा येतो आणि आंबट पद्धतीच्या बिअरमध्ये तो तुरटपणा हॉप्सच्या कडवटपणाची जागा घेऊ शकतो. कोकमाचेही तेच; मीठ आणि धने घातलेल्या गोझ या जर्मन पद्धतीच्या आंबट बिअरला कोकम इतके शोभते की प्रत्येक ब्रूअरीने ते करून पाहावे असे मला वाटते, कारण मीठ आणि कोकम ही जोडी आपल्या जिभेला लहानपणापासून ओळखीची आहे. तरीही ज्या ब्रूअरीची साधी गव्हाची बिअर बिघडलेली आहे, तिच्या जांभळाच्या बिअरवर मी विश्वास ठेवत नाही.

इंडिया पेल एल (आयपीए) या भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरबद्दल फार लिहीत नाही, तिच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. एवढेच नमूद करतो की तिचा हॉप्सचा सुगंध आठवड्यागणिक ओसरत जातो आणि आपल्याकडचे बहुतेक हॉप्स परदेशातून येतात, त्यामुळे नुकत्याच भरलेल्या केगमधली स्थानिक आयपीए ही बोटीने आलेल्या नामांकित बाटलीपेक्षा बरेचदा सरस असते. कडवटपणा जास्त म्हणजे बिअर चांगली, असे मात्र मुळीच नाही.

चव घेताना सॅम्पलरमधले, म्हणजे वेगवेगळ्या बिअरची थोडीथोडी चव देणाऱ्या संचातले छोटे ग्लास फिक्या बिअरपासून गडद आणि कडवट बिअरकडे या क्रमाने घ्यावेत, आधी वास घ्यावा, मध्ये पाणी प्यावे आणि तिखट चखणा शेवटी मागवावा, कारण तिखटाने जीभ पेटली की हॉप्सचा कडवटपणा आहे त्याहून कठोर लागतो. चार-पाच छोटे ग्लास पुरेसे आहेत. त्यापुढे लिहिलेल्या मतावर माझा स्वतःचाही भरवसा नसतो.

‘आपल्या गावची ब्रूअरी आहे, सांभाळून लिहा’ असा सल्ला मला अनेकदा मिळतो. मोठ्या कंपन्यांच्या स्ट्राँग बिअरने व्यापलेल्या बाजारात, परवाने आणि करांचे ओझे वाहत ही मंडळी काम करतात याची मला जाणीव आहे आणि त्यांच्याबद्दल मला प्रेमही आहे. पण ‘मस्त’ असे लिहून त्यांच्या हाती काहीच लागत नाही. ‘शनिवारी संध्याकाळी तुमच्या हेफेवाइझेनला लोण्याचा वास होता, नळी किंवा बॅच तपासावी’ असे लिहिले, आणि जाहीर लिहिण्यापूर्वी तिथल्या ब्रूमास्टरला सांगितले, तर त्यातून पुढची बॅच सुधारू शकते. माझा अनुभव असा आहे की बहुतेक ब्रूमास्टर असे बोलणे मनापासून ऐकून घेतात आणि कित्येकदा आपल्याला थेट टाकीपाशी नेऊन चव दाखवतात.

ब्रूअऱ्यांकडेही माझे एक मागणे आहे. फळ्यावर बिअरचे नाव, अल्कोहोलचे प्रमाण आणि किंमत लिहिता, त्याच ओळीत केग कोणत्या तारखेला भरला आणि नळी शेवटची कधी धुतली हेही लिहावे. खडूने लिहायच्या या दोन तारखांना खर्च काहीच येत नाही, आणि आमच्यासारख्यांना अभिप्राय लिहिताना आपण नेमके काय प्यायलो ते कळेल.