लॅपटॉपचं बटण म्हणे!

आज दुपारी इंदिरानगरला हळदीला गेलो होतो. जेवण व्हायचं होतं म्हणून कोपऱ्यात बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या बायसेप या जोडीचा २०२५ चा 'टाक्कूक' अल्बम ऐकत होतो. एका नातेवाइकांनी माझ्या कानातला इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला, जेमतेम अर्धा मिनिट ऐकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यात काय कला? लॅपटॉपचं बटण दाबलं की झालं!" सगळे हसले. लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसलो. इथे बसणार नाही.

बायसेप म्हणजे बेलफास्टचे दोन मित्र, मॅट मॅकब्रायर आणि अँडी फर्ग्युसन. सुरुवातीला ही पोरं विसरलेली जुनी गाणी शोधून लोकांना ऐकवायची. बटण दाबणारा कशाला एवढं ऐकेल?

त्यांच्या २०२१ च्या 'आइल्स'मधला 'संडायल' मी आमच्या मामांना ऐकवला होता. मामा पंचवटीतले, तरुणपणी ढोल वाजवणारे. आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग एकदम ताठ बसले. "अरे, ही तर आशाबाई!" बरोबर होतं. १९७३ च्या 'राजा रानी'तल्या 'जब अंधेरा होता है'मधला आवाज आहे तो. सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंचा सूर बेलफास्टच्या पोरांना सापडला आणि आमच्या घरात तो मामांनी ओळखला.

अशा संगीतात तेच तेच वाजतं, असंही लोक म्हणतात. नाशिककरांनी हे बोलावं? आपल्या गावाच्या नावाचा ढोल आहे! त्यातही तोच ठोका फिरून फिरून येतो आणि म्हणूनच अंगात भिनतो. मामांची बोटं गुडघ्यावर केव्हा चालू झाली ते त्यांनाही कळलं नाही. म्हणाले, "ठोका सोडत नाहीत रे पोरं." यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही.

मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरा होतो, हे कबूल. पण तो राग हाउसवर, म्हणजे बायसेपसारख्यांच्या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर का? हे संगीत वाढलं शिकागोत. तिथल्या 'वेअरहाउस' क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचा आणि बाहेर ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं ती कृष्णवर्णीय, समलिंगी मुलं तिथे रात्रभर मोकळेपणी नाचायची. १९७९ मध्ये त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर, हाउस ज्यातून निघालं त्या डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी स्फोटाने उडवली, लोकांनी जल्लोष केला. तरी ठोका थांबला नाही. हे ठाऊक नसताना हसायचं?

'टाक्कूक' सगळाच नाचायचा नाही, मान्य. पण त्यात ग्रीनलँडचे गायक आहेत, उत्तर युरोपातल्या सामी या मूळनिवासी लोकांतली कातारिना बारुक आहे. ती उमे सामी भाषेत गाते. ती बोलणारी माणसं आता फार थोडी उरलीत. तिचा आवाज आला की माझ्या पोटात कालवतं. राग कुठल्या कुठे जातो, खरंच. त्या दोघांनी त्या आवाजांना मागे ढकललेलं नाही, आणि गाणाऱ्यांची नावं गाण्यांवर आहेत.

आणि आपण? सुरगाणा-पेठकडे पावरी, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजते. आपल्याच जिल्ह्यात! शहरातल्या कुठल्या लग्नात ऐकलीत शेवटची? मामांनी तरुणपणी ऐकली होती. अजून सूर आठवतो म्हणतात, पण गुणगुणता येत नाही.

कुणाकडे पावरीचं रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. मोबाइलवरचं चालेल. वाजवणाऱ्याचं नाव आणि गाव मात्र नक्की लिहा.