‘सगळे कपॅसिटर बदला’ : बंद पडलेल्या जुन्या स्कोपवरचा सोपा, पण चुकीचा उपाय

जुना ऑसिलोस्कोप (विद्युत सिग्नल पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) बंद पडला की एकच सल्ला फिरतो: ‘आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. मल्टिमीटरवर व्होल्टेज बरोबर आले की पॉवर सप्लाय ओके. पहिल्यांदा मात्र डिमरस्टॅटवर (मेनचं व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवा.’ ऐकायला छान. उदाहरणाला टेक्ट्रॉनिक्स 465 घेऊ. 1972 सालचा, 100 मेगाहर्ट्‌झचा आणि आजही दुरुस्तीला भरपूर येणारा.

‘आधी सगळे कपॅसिटर.’ का? 465 मध्ये +110, +55, +15, +5 आणि उणे 8 व्होल्ट अशा रेल (सप्लायच्या ठरावीक व्होल्टेजच्या लाइन) आहेत आणि +55 ही बाकीच्यांचा संदर्भ आहे. ती ढळली की सगळ्याच चुकीच्या दिसतात, म्हणून पहिलं मोजमाप तिथे. +55 ठीक, पण +15 किंवा उणे 8 जमिनीला टेकलेली (शून्य व्होल्टच्या आसपास) असेल, तर संशय जातो टँटलम कपॅसिटरवर. हे बहुधा शॉर्ट होऊनच मरतात आणि सप्लायच्या बोर्डावर नाही, तर कुठल्यातरी दुसऱ्याच बोर्डावर बसलेले असतात. सप्लायचे मोठे डब्यासारखे इलेक्ट्रोलिटिक बदलण्यात रविवार घालवला तरी शॉर्ट जागच्या जागी.

तो शोधायला सोल्डरिंग आयर्न लागतच नाही. मेनची पिन काढा, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या. बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंटची मर्यादा ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय) 1 व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरवर बांधून त्या रेलला द्या (उणे रेलला तारा उलट). मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब ट्रॅकवरून एकेका कपॅसिटरच्या पायावर सरकवत न्या. आकडा उतरत जातो. जिथे सर्वांत खाली येतो, तिथेच आसपास चोर.

‘मल्टिमीटरवर बरोबर म्हणजे ओके.’ डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवतो, रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) त्यात लपून जातो. तो दुसऱ्या स्कोपवर बघा. आपल्या 50 हर्ट्‌झच्या मेनवर ब्रिज रेक्टिफायरनंतर रिपल 100 हर्ट्‌झचा असायला हवा. मुख्य कपॅसिटरवर तो 50 चा दिसला तर ब्रिजमधला डायोड ओपन असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नवा, दुप्पट मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोष झाकतो आणि उरलेल्या डायोडवरचा भार तसाच राहतो.

‘डिमरस्टॅटवर हळूहळू.’ 465 चा सप्लाय लिनियर आहे, तिथे हे चालेल. पण टेक्ट्रॉनिक्सच्याच 2465 किंवा 485 मध्ये स्विचिंग सप्लाय आहे. व्होल्टेज कमी केलं की तो तेवढीच पॉवर काढायला जास्त करंट ओढतो, किंवा सुरूच होत नाही आणि आपण नसलेला फॉल्ट शोधत बसतो.

सल्ल्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. मेनच्या बाजूचा, पारदर्शक पिवळट वेष्टणाला तडे गेलेला रिफा कंपनीचा पेपर कपॅसिटर न मोजता काढून टाकावा. तो कधी धूर काढेल सांगता येत नाही. 2465बीच्या कंट्रोल बोर्डावरचे सरफेस माउंट इलेक्ट्रोलिटिकही गळून ट्रॅक खातात. बाकीचे मात्र रिपल आणि ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) बघूनच काढा, कारण जुन्या बोर्डाचे पॅड उष्णतेने उचकटतात. शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला प्रत्येक ‘105 डिग्री’वाला (तेवढं तापमान सोसणारा) कपॅसिटर खरा असतोच असं नाही.

आणि रेल मोजण्याच्या उत्साहात सीआरटीच्या (स्कोपच्या पडद्याच्या नळीच्या) कॅथोडकडे साधी प्रोब नेऊ नका. तिथे उणे 2400 व्होल्टच्या आसपास असतं.