कितवी शिट्टी?

तिला जेवायला बोलावलं ते ठीक, पण बोलता बोलता ‘शॅम्पेन उघडू’ हेही तोंडातून निसटलं. रामबागेत एका आजींच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्याने असलं काही बोलू नये.

कलालीत (दारूच्या दुकानाला आमच्या इंदुरात हाच शब्द) शॅम्पेन वरच्या फळीवर होती. किंमत बघितली, त्यापेक्षा माझं खोलीभाडं कमी. विकणारा म्हणाला, “सर, ही नाशिकवाली घ्या, तीपण शॅम्पेनच.” तसं नसतं. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात झाली तरच शॅम्पेन; इटलीची प्रोसेको, स्पेनची कावा आणि आपली नाशिकची नुसती स्पार्कलिंग वाइन. पण नाशिक म्हटल्यावर आजोळचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

नाशिकवालीवर ‘ब्रूट’, शेजारच्या प्रोसेकोवर ‘एक्स्ट्रा ड्राय’. ड्राय म्हणजे गोड नसलेली, एवढं ऐकून होतो. मग एक्स्ट्रा ड्राय म्हणजे पार मे महिन्यातला नळच असणार! मोबाइलवर बघतो तर उलटंच. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. जिथे दिवस पोह्यांसोबत जिलेबी खाऊन उजाडतो, तिथे याला कोण गोड म्हणणार? तरी ब्रूटच घेतली. तिला गोड आवडत नाही. इंदुरात वाढून! तिच्याबद्दल मला एवढी एकच शंका आहे.

फ्रिज खाली आजींचा. श्रीखंडाच्या डब्याशेजारी ही बाटली ठेवायची छाती झाली नाही. आंघोळीच्या बादलीत बर्फ, पाणी, मूठभर मीठ. अर्ध्या तासात गारेगार.

खरी परीक्षा बुचाची. बाटलीत दाब आपल्या कुकरच्या पाच-सहापट. तारेचे सहा अर्धे वेढे सोडवायचे, टॉवेलने बूच दाबून धरायचं आणि फिरवायची ती बाटली, बूच नव्हे. सिनेमातला धडाका हा अडाणीपणा. नुसतं ‘फुस्स’ व्हायला हवं. ती लसणी शेवेची ताटली घेऊन दारापर्यंत मागे सरकली होती. मी मनात गणपती म्हटला.

झालं ‘फुस्स’च, पण चांगलं लांबलचक. निम्मा फेस माझ्या शर्टावर. उरलेली स्टीलच्या पेल्यांत ओतली आणि शेवेबरोबर अशी काही लागली की विचारू नका. तळणीच्या तेलकटपणावर तो आंबूस बुडबुडा बरोबर बसतो.

तेवढ्यात खालून आजी, “अरे, कितवी शिट्टी ही? गॅस बंद कर!”

“पहिलीच, आजी!” उत्तर तिने दिलं.

खाली बराच वेळ सामसूम.